डावा पाय

ब्लाझने डाव्या पायाने गोल मारला तेव्हा क्लेमेंट तुस्कानोच्या हातातला चहा मांडीवर सांडला. चहा गरम होता, पण ते त्याला बऱ्याच वेळाने कळलं. आजूबाजूचे लोक उभे राहून ओरडत होते, वरच्या पायऱ्यांवर ढोल बडवला जात होता, आणि क्लेमेंट एकटाच बसून पँटवरचा डाग पसरताना बघत होता. शेजारी मजीद होता, क्लबच्या बसचा ड्रायव्हर, मूळचा रत्नागिरीकडचा. तो खाली बसला तोच हसत. "काय वो क्लेमेंटभाय, ह्याचा डावा पाय नुसता बुटात घालायला होता ना? हा कधी शिकला?" क्लेमेंट म्हणाला, "प्रॅक्टिस केली असेल." तिशीला आलेला, उभ्या आयुष्यात उजव्या पायाने खेळलेला फॉरवर्ड एका महिन्यात प्रॅक्टिस करून पाय बदलत नाही, हे क्लेमेंटला कळत होतं. मजीदलाही कळत होतं, पण त्याला गोलशी मतलब. मैदानावर ब्लाझ कुणाला मिठी मारायला गेला नाही. तो वाकला, दोन्ही पायमोजे घोट्यापर्यंत खाली सोडले, आणि शेतातलं काम उरकून बांधावर येणाऱ्या माणसासारखा रमतगमत आपल्या जागी गेला. गोल मारल्यावर पायमोजे खाली सोडून असं चालत जाणारा एकच मुलगा त्याला माहीत होता, आणि तो वसईच्या चर्चमागे पुरलेला होता.

माहीत होता म्हणजे ऐकून माहीत होता. फेबियनला, स्वतःच्या मुलाला, क्लेमेंटने कधी खेळताना बघितलंच नव्हतं. फेबियन मांडीवर होता तेव्हाच तो ओमानला आला, आणि कंपनीची सुट्टी मिळायची ती मे महिन्यात. वसईतल्या फुटबॉलच्या स्पर्धा नाताळानंतर, थंडीत. मेमध्ये फेबियन आंबे खायचा, विहिरीत पोहायचा, मित्रांबरोबर उंडारायचा, पण बॉलला पाय लावायचा नाही. "आता कसला खेळ पप्पा, मैदान भाजतंय." त्यामुळे मुलाचा सगळा खेळ क्लेमेंटने फोनवर पाहिला. मस्कतच्या रुवीत सहाजणांच्या खोलीत राहायचा तेव्हा शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की टेलिफोनच्या डब्यात शिरायचा, कार्ड सारायचा आणि पहिलाच प्रश्न विचारायचा, "कसा खेळला गं?" मग मॅग्डलिन सांगायची. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सांगायची झकास. बॉल कुठून आला, फेबियनने तो डाव्या पायावर कसा घेतला, त्या निर्मळ गावच्या दांडगटाला कसा चकवला, सगळं साग्रसंगीत. हाफटाइम व्हायचा, आणि दुसरा हाफ सुरू होईतो कार्ड संपायचं. दर वेळी. डब्यात नुसता टूंऽ आवाज, काचेबाहेर घामेजलेली रांग, आणि यल्ला यल्ला करत दार ठोकणारा कुणीतरी. फेबियन गेला तोही दुसऱ्या हाफमध्येच. छातीवर हात ठेवून खाली बसला म्हणे, पोरांना वाटलं दम लागलाय. क्लेमेंट विमानाने पोचला तेव्हा माती टाकून झाली होती आणि अंगणात लोक खुर्च्या गोळा करत होते.

त्यानंतर त्याने मॅग्डलिनला मस्कतला आणलं. इतकी वर्षं फॅमिली व्हिसा, फॅमिली व्हिसा म्हणून ती मागे लागली होती, आणि तो मिळाला तेव्हा फॅमिलीत दोघंच उरली. अल् खुवैरला मंत्रालयांच्या मागच्या बाजूला चौथ्या मजल्यावर फ्लॅट. खाली सगळं जग गाड्यांतून जाणारं, फुटपाथवर माणूस दिसायचा नाही. मॅग्डलिन दिवसभर खिडकीत उभी असायची. बोलणं तिने जवळजवळ सोडलंच होतं. डाळ करायची तर मीठ विसरायची, आणि मीठ नाही म्हटलं तर बशी उचलून आत न्यायची ती बाहेरच यायची नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये ब्लाझ राहायला आला तो दोन हजार एकच्या सप्टेंबरात. क्लेमेंटच्या कंपनीचा अर्बाब, म्हणजे मालक, तोच त्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. त्यामुळे परदेशी खेळाडूचा व्हिसा, घर, गॅसचं सिलिंडर, सगळं क्लेमेंटच्या गळ्यात. विमानतळावर त्याने त्याला पहिल्यांदा बघितलं: उंच, केस विरळ व्हायला लागलेले, गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा जुना व्रण. नाव ब्लाझ ओसोल्निक, देश स्लोव्हेनिया. क्लेमेंटने तो देश नकाशात शोधला होता. बोटाच्या पेराएवढा, ऑस्ट्रियाच्या खाली.

लायसन्स होईतो क्लेमेंटच त्याची गाडीतून ने-आण करायचा, आणि तो कॅथलिक निघाल्यावर शुक्रवारी मिस्सेलाही. इथे शुक्रवारच रविवार. गाडीत ब्लाझ तुटक इंग्लिशमध्ये आपली कथा सांगायचा. आधी गावचा क्लब, मग ऑस्ट्रियात दुसऱ्या डिव्हिजनला, मग सायप्रस, माल्टा, मध्येच गुडघा, आणि आता हे. "फॉरवर्ड म्हणजे भाड्याचा माणूस," तो म्हणायचा. "घर दुसऱ्याचं, पलंग दुसऱ्याचा. माल्टात मला नऊ नंबरचा शर्ट दिला, त्यावर आधीच्या माणसाचं नाव उसवलेलं दिसत होतं. मी दोन सीझन त्याचं नाव पाठीवर घेऊन खेळलो. लोक त्याच्याच नावाने हाका मारायचे. काही दिवसांनी मीही ओ द्यायला लागलो." क्लेमेंट हसला. ब्लाझ हसला नाही. आणखी एकदा, कुरुमच्या चढावर, त्याने आपलं गाव सांगितलं. कोळशाच्या खाणीचं गाव. खाण खचत गेली, जमीन खाली बसली, आणि खड्ड्यात पाणी भरून तळं झालं. त्या तळ्याखाली त्याच्या आजीचं अख्खं खेडं आहे. "उन्हाळ्यात आम्ही पोरं तिथे पोहायचो. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरावर. कधी कधी खालून पायाला गार लागायचं, एकाच जागी." क्लेमेंटने एसीची झडप बंद केली होती, हे त्याला अजून आठवतं.

जानेवारीत फेबियनची वर्षाची मिस्सा झाली. तुस्कानोंच्या घरात एक रीत आहे. वर्षाच्या जेवणाला गेलेल्या माणसाच्या वयाचा, ओळखीपाळखीतला नसलेला, असा एक परका शोधायचा. त्याला गेलेल्याच्या जागेवर बसवायचं, सगळ्यांच्या आधी वाढायचं, आणि निघताना कपडे द्यायचे. कपडे कोरे हवेत, पाणी न लागलेले. गेलेल्याचे स्वतःचे कपडे कधीही द्यायचे नाहीत. क्लेमेंटची आत्या हे बजावून सांगायची: कोरं दिलं की तो मार्गाला लागतो, त्याचंच दिलं तर त्याला वाटतं बोलावलंय. मस्कतमध्ये फेबियनच्या वयाचा, धर्माचा, परका कुठून आणायचा? ब्लाझ पाच-सहा वर्षांनी मोठा होता, पण समोरच राहत होता आणि रिकामा होता. क्लेमेंटने रुवीतून नवा शर्ट-पँट आणून कपाटावर ठेवला. ब्लाझला एवढंच सांगितलं, मुलाच्या आठवणीचं जेवण आहे. तो आला, बसला, मॅग्डलिनच्या बाटली मसाल्याच्या तिखटजाळ कोंबडीने त्याचं नाक वाहायला लागलं, तरी बिचारा संपवत राहिला. मॅग्डलिन समोर उभी राहून त्याच्या हातांकडे बघत होती. निघताना ती आत गेली आणि कपाटावरचं पाकीट न आणता फेबियनचा शर्ट घेऊन आली. निळा, नऊ नंबरचा, खांद्यावर उसवून शिवलेला, त्याच्या शेवटच्या खेळातला. वर्षभर तिने तो धुतला नव्हता. क्लेमेंट "मॅग," एवढंच म्हणाला. तिने ऐकलं नाही, की ऐकून ऐकलं नाही, कोण जाणे. ब्लाझने शर्ट दोन्ही हातांनी घेतला, अंगाला लावून बघितला. दुसऱ्याचा नऊ नंबर त्याला नवा नव्हता. "थँक यू, मामा," तो म्हणाला. क्लेमेंटला तेव्हाच उठून तो शर्ट परत घेता आला असता. पण मॅग्डलिनच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा रंग दिसला, आणि तो बसून राहिला.

मग ते सुरू झालं. ब्लाझ दर शुक्रवारी जेवायला यायला लागला, बोलावल्याशिवाय. नाक वाहायचं बंद झालं. एका शुक्रवारी त्याने स्वतःहून सुके बोंबील मागितले, आणि बोटाने दाखवलं ते बरणीतले, वरच्या फळीवरचे, जे कपाटाच्या बंद दारामागे होते. सोफ्यावर झोपला की उजवा हात डोळ्यांवर आडवा टाकायचा. मॅग्डलिन स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली, डाळीत मीठ पडायला लागलं. क्लेमेंट स्वतःची समजूत घालायचा. साधी गोष्ट आहे. ही दिवसभर त्याला फेबियनच्या गोष्टी सांगते, अर्ध्या इंग्लिशमध्ये, अर्ध्या खुणांनी. पोरगा एकटा आहे, भला आहे, म्हाताऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून तसं वागतो. बोंबलाचा वास येतोच की दाराबाहेर. डावा पाय? उजवा गुडघा दुखत असेल. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि कारण सापडलं की त्याला हायसं वाटायचं, आणि लगेच, त्याच दमात, वाईटही वाटायचं. तो प्रत्येक मॅचला जायला लागला. आधी अर्बाबाला बरं वाटावं म्हणून जायचा, आता ऑफिसमधून पळत जायचा. ब्लाझ क्लबच्या लाल शर्टाखाली तो निळा शर्ट घालायचा, गळ्यापाशी त्याची कड दिसायची. क्लेमेंट ती कड शोधायचा. बॉल डाव्या पायावर आला की तो बसल्या जागी पुढे सरकायचा. मॅग्डलिनने फोनवर सांगितलेली एकेक चाल त्याच्या डोळ्यांपुढे उलगडत होती, आणि तिने सांगितलं होतं ते सगळं खरं होतं, उलट कमीच सांगितलं होतं. आपला मुलगा इतका चांगला खेळत होता! हे त्याला पन्नाशीनंतर, परक्या मुलखात, दुसऱ्याच्या अंगावर कळत होतं. तो सुखी होता. असं सुख कुणाला सांगायची सोय नव्हती.

गुडघ्यामुळे ब्लाझला तासाभराने बाहेर काढायचे. एकदा तसा तो बाहेर येत असताना क्लेमेंटने बघितलं, त्याचा डावा हात छातीवर होता. घाम पुसतोय, असं त्याने ठरवलं. पुढच्या मॅचलाही हात तिथेच. तिसऱ्या वेळी मजीदच म्हणाला, "डॉक्टरला दाखवा वो ह्याला. बसमध्ये बसतो तो असा छाती धरून. विचारलं तर म्हणतो, खालून गार लागतंय." डॉक्टरला दाखवलं. हृदयाची पट्टी काढली, पळवून बघितलं, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखा आहे. आणि मार्चमध्ये क्लब कपच्या फायनलला पोचला. कोचने सांगितलं, या वेळी ब्लाझ शेवटपर्यंत खेळणार. अर्बाबाने क्लेमेंटच्या पाठीवर थाप मारली, "तुझा माणूस, क्लेमेंट! इन्शाल्ला, कप आपला. पुढच्या सीझनलाही ठेवू याला." ब्लाझला तर दुसरं काही नकोच होतं. गाडीत तो म्हणाला, "या वयात मला कोणी पूर्ण मॅच खेळवत नाही. आणखी दोन वर्षं मिळतील." त्या दिवशी त्याने क्लेमेंटला पहिल्यांदा पप्पा म्हटलं. कुठल्याही भाषेत हा शब्द असाच असेल, क्लेमेंट स्वतःला म्हणाला, आणि सिग्नल हिरवा झाला तरी गाडी तशीच उभी राहिली.

घरी त्याने मॅग्डलिनला सांगितलं, "शर्ट परत घ्यायला पाहिजे."

ती भाजी निवडत होती. "का?"

"तुला माहीत आहे का ते. तू त्याचाच शर्ट दिलास. आता पुरी मॅच खेळवणार आहेत."

"मग खेळू दे की." तिने मान वर केली नाही. "त्याचा खेळ अर्धवट राहिला होता, अहो. तेवढा पुरा होऊ दे. मग जाईल तो आपला आपण."

"आणि नाही गेला तर? ह्याला घेऊन गेला तर? हाही कुणाचा तरी मुलगा आहे, मॅग. तिकडे त्याची आई आहे."

"मला काय माहीत तिकडे कोण आहे," मॅग्डलिन म्हणाली. मग तिचे हात थांबले. "तुम्ही काढून घ्या. मला नाही होणार. आणि खरं सांगा, तुम्हाला तरी होईल का?"

तिने बरोबर ओळखलं होतं. तो समोरच्या दारापर्यंत गेला आणि बेल न वाजवता परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. ब्लाझने दार उघडलं, निळा शर्ट दोरीवर वाळत नव्हता, त्याच्या अंगावरच होता, आणि क्लेमेंटने विचारलं, गॅस आहे ना? लोभ होता, दुसरं काय. त्याला एक मॅच हवी होती. तेवीस-चोवीस वर्षं वाळवंटात काढलेल्या बापाने एक मॅच मागितली तर जगाचं काय बिघडणार होतं? आणि बिघडणार होतं तर कोणाचं, तेही त्याला ठाऊक होतं, म्हणून तर झोप येत नव्हती.

फायनल संध्याकाळी होती. डोंगरांच्या मागे सूर्य गेला तेव्हा दिवे लागले, आणि त्या पांढऱ्या उजेडात प्रत्येक खेळाडूच्या पायाशी चार-चार सावल्या पडल्या. ब्लाझच्या पायाशी क्लेमेंटला नीट मोजता येईनात. तो डोळे चोळून पुन्हा बघायचा, तोवर ब्लाझ पुढे गेलेला. पहिला हाफ कसा गेला? क्लेमेंटला तो क्षणाक्षणाने आठवतो, आणि तरी सांगताना हातातून निसटतो. बॉल मधून आला, उंच. त्याने तो छातीवर घेतला, जमिनीला लागू दिला नाही, डाव्या पायाच्या आतल्या कडेने एका दांडगटाच्या बाजूने काढला. दांडगट आडवा. मग ते थांबणं, मॅग्डलिन नेहमी सांगायची ते, सगळे धावत असताना एकट्याचंच थांबणं, बॉलवर पाय ठेवून, कुणाची तरी वाट बघितल्यासारखं. आणि मग गोल. डाव्या पायाने, खालून, खांबाला घासून. मोजे खाली. चालत परत. परतताना त्याने पायऱ्यांकडे बघितलं, एवढ्या गर्दीत नेमकं जिथे क्लेमेंट बसला होता तिथे. क्लेमेंट रडत होता आणि मजीद त्याला रुमाल देत म्हणत होता, "अवो भाय, अजून अर्धी मॅच बाकी हाय." अर्धी मॅच. शिट्टी झाली, आणि बाहेर निघालेल्या खेळाडूंमध्ये सगळ्यात शेवटी ब्लाझ होता, छातीवर हात ठेवून.

क्लेमेंट उठला. आपण उठलो हे त्याला पायऱ्या उतरताना कळलं. ऑफिसचा माणूस म्हणून त्याला आत कुणी अडवत नसे. खेळाडूंच्या खोलीत कोच फळ्यावर रेघा मारत ओरडत होता, सगळे तिकडे बघत होते. ब्लाझ एका टोकाला बाकावर बसला होता. लाल शर्ट काढून बाजूला टाकलेला, अंगावर निळा, भिजून काळा झालेला. ओठ पांढरे पडले होते. एवढ्या उकाड्यात त्याच्या अंगावर काटा होता. क्लेमेंट त्याच्यासमोर उभा राहिला. इंग्लिशमध्ये काय बोलायचं ते तो जिन्यात जुळवत आला होता, ते सगळं गेलं. "काढ रे बाळा," तो मराठीत म्हणाला. "शर्ट काढ."

आणि ब्लाझने दोन्ही हात वर केले. सरळ, कानाला लावून, मान खाली घालून, डोळे गच्च मिटून. तो तसाच बसून राहिला. फेबियन चार वर्षांचा असताना, एका मेच्या सुट्टीत, विहिरीवरून आला की असाच उभा राहायचा, ओला शर्ट पप्पानेच काढायचा म्हणून. ते मॅग्डलिनला माहीत नव्हतं. ती तेव्हा घरात असायची. विहिरीवर ते दोघंच असायचे. ते तिने कुणाला सांगितलं असेल, त्याने बघून केलं असेल, असं एकही कारण क्लेमेंटला सापडलं नाही, आणि सापडावं असं वाटलंही नाही. त्याने शर्टाची कड धरली. इथे थांबलं तर दुसरा हाफ बघायला मिळेल, असं एकदा, शेवटचं, मनात आलं. मग त्याने शर्ट वर ओढला, हळू, कान दुखू नयेत म्हणून गळा ताणून, डोक्यावरून, कोपरांवरून, बोटांवरून. कापड खूप गार होतं. वरचे हात क्षणभर तसेच राहिले, मग मोठ्या माणसाचे हात होऊन खाली आले. ब्लाझने डोळे उघडले. "मिस्टर क्लेमेंट?" तो म्हणाला. "काय झालं? तुम्ही इथे कसे?" क्लेमेंटने लाल शर्ट उचलून त्याच्या हातात दिला.

दुसरा हाफ त्याने उभं राहून बघितला. मैदानावर एक तिशीचा, जड गुडघ्याचा, उजव्या पायाचा माणूस धावत होता. एक सोपा बॉल त्याने डाव्या पायाने मारायला बघितला आणि पडला, लोक हसले. मजीद म्हणाला, "आता झाला पयल्यासारखा." दोन गोल खाऊन क्लब हरला. कप गेला, अर्बाब तोंड फिरवून निघून गेला, आणि ब्लाझची पुढची दोन वर्षंही गेली, हे तिथेच सगळ्यांना कळलं. मेमध्ये क्लेमेंटच त्याला विमानतळावर सोडणार होता, कुठल्या तरी आणखी लहान क्लबकडे. पण शिट्टी होईपर्यंत ब्लाझ पायांवर उभा होता, हात कमरेवर, धापा टाकत, धडधाकट. क्लेमेंटने तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "ब्लाझ! शाब्बास, ब्लाझ!" ब्लाझच्या स्वतःच्या नावाने क्लेमेंटने मैदानावर मारलेली ती पहिलीच हाक होती.

घरी मॅग्डलिनने बेलच्या आधीच दार उघडलं. तिने त्याच्या मागे बघितलं, समोरच्या बंद दाराकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे. टेबलावर तीन बश्या होत्या. तिने पिशवीतून शर्ट काढला आणि नाकाशी नेला.

"दुसऱ्याच कुणाच्या घामाचा वास येतोय," ती म्हणाली.

"हो."

ती खुर्चीवर बसली. आता ओरडेल, असं त्याला वाटलं. पण तिने शर्ट मांडीवर घेतला, त्याची घडी घातली, आणि इतकी वर्षं तो जे तिला विचारत आला होता ते तिने विचारलं. "कसा खेळला?"

क्लेमेंट तिच्यासमोर बसला आणि सांगायला लागला. सावल्यांपासून सुरुवात केली. बॉल कुठून आला, छातीवर कसा घेतला, त्या दांडगटाला कसा चकवला, मग ते थांबणं. तिने सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच, हे त्याने दोनदा सांगितलं. गोल सांगितला. मोजे सांगितले. पायऱ्यांकडे बघितलं तेही सांगितलं. शिट्टीपर्यंत येऊन तो थांबला. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या.

"आणि पुढे?" मॅग्डलिनने विचारलं.

"पुढे कार्ड संपलं," क्लेमेंट म्हणाला.

तिने मान हलवली. मग उठून तिने तिसरी बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली.